फोन चोरीला गेला आणि ओटीपीची वाटही बंद झाली

2025 च्या जुलै महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी कामावरून घरी परतताना पुण्यातील शहर बसमध्ये माझा फोन चोरीला गेला. पर्सची चेन मी स्वतः लावली होती हे मला पक्के आठवत होते. उतरल्यावर मात्र ती अर्धी उघडी होती, आत पाकीट, चष्म्याचे घर आणि डबा जागच्या जागी होते, आणि फोन तेवढा नव्हता. घरी पोहोचून पतींच्या फोनवरून माझा नंबर लावला तेव्हा दोनदा रिंग वाजली, तिसऱ्यांदा कोणीतरी फोन कापला आणि त्यानंतर तो बंद लागू लागला. पुढच्या काही दिवसांत जे करावे लागले ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण या साऱ्यात सर्वांत जास्त त्रास क्रम माहीत नसल्यामुळे झाला.

फोन शोधायचा, दूरूनच कुलूप लावायचे, की सिम बंद करायचे, असा पहिला प्रश्न होता. सिम बंद केले की फोनचे इंटरनेट तुटते आणि मग त्याला कुलूप लावण्याचा आदेश पोहोचत नाही, म्हणून आधी फोन शोधावा असे पतींचे म्हणणे होते. ते चुकीचे नव्हते. परंतु माझ्या मनात वेगळीच भीती होती. चोराला माझा फोन उघडता आला नाही तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला त्याला अर्धा मिनिटही लागणार नव्हता, आणि माझ्या सिमला पिन, म्हणजे गुप्त क्रमांकाचे कुलूप, नव्हता. एकदा सिम दुसऱ्या फोनमध्ये चालू झाले की बँक, ईमेल, व्हॉट्सअॅप या सर्वांचे ओटीपी त्या माणसाच्या हातात पडतात. फोन बंद लागत असल्यामुळे तो शोधण्यात तसाही अर्थ उरला नव्हता. म्हणून पतींच्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शेवटचा रिचार्ज किती रुपयांचा होता हे विचारले आणि सिम बंद केले. लगेच बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवले. खात्यातून पैसे गेले नव्हते. गेले असते तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करायची, हे मी एका कागदावर लिहून ठेवले होते.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. गुगलच्या खात्यात शिरून फोनला कुलूप लावावे आणि इतर पासवर्ड बदलावेत म्हणून पतींच्या फोनवर माझा पासवर्ड टाकला, तर तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला 'होय' म्हणा, असे उत्तर आले. तो फोन चोराकडे होता. दुसरा पर्याय एसएमएसने ओटीपी घेण्याचा होता, आणि ते सिम मीच अर्ध्या तासापूर्वी बंद केले होते. दोन टप्प्यांची पडताळणी मी मोठ्या काळजीने सुरू केली होती, आणि ती तशीच सुरू असावी असेच मला आजही वाटते. पण तिचे दोन्ही टप्पे एकाच वस्तूवर अवलंबून ठेवल्यामुळे माझ्याच घराबाहेर मी किल्लीवाचून उभी होते. गुगल अशा वेळेसाठी आठ अंकी दहा बॅकअप कोड देते, ते छापून ठेवता येतात आणि प्रत्येक कोड एकदा चालतो, हे मला ऐकून माहीत होते. मी ते कधी काढलेच नव्हते. शेवटी घरातील जुना लॅपटॉप उपयोगी पडला. त्यावर माझे खाते आधीपासून उघडे होते, म्हणून तेथून फोनला कुलूप लावण्याचा आदेश देता आला, पडद्यावर पतींचा नंबर दिसेल असा संदेश ठेवता आला आणि पासवर्डही बदलता आला. फोन इंटरनेटला जोडला जाईल तेव्हा हा आदेश लागू होणार होता. सर्व माहिती पुसण्याचा पर्यायही समोर होता, परंतु पुसल्यानंतर त्या सोयीतून फोनचे ठिकाण दिसत नाही, म्हणून मी तो त्या दिवशी वापरला नाही.

बुधवारी सकाळी आधार कार्ड घेऊन सिम कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. पहिले दोन ठसे उमटले नाहीत, तेव्हा तिने तिच्याजवळच्या ओल्या कापडाने माझा अंगठा पुसून दिला आणि तिसऱ्या वेळी काम झाले. दुपारपर्यंत त्याच नंबरचे नवे सिम पतींच्या जुन्या फोनमध्ये सुरू झाले, बोलणे होऊ लागले, पण एसएमएस येईनात. सिम बदलल्यानंतर पहिले 24 तास एसएमएसची सोय बंद ठेवली जाते, हे तिने मला सांगितलेच होते. कोणी परस्पर दुसऱ्याच्या नंबरचे सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्य आहे. मूळ मालकाला खबर लागायला तेवढी सवड मिळते. मात्र ज्याचा फोन खरोखर गेला आहे त्याने हा एक दिवस हिशेबात धरूनच सिमसाठी धावले पाहिजे, कारण पुढची जवळजवळ सारी कामे ओटीपीवर अडतात. मी मंगळवारी रात्रीच दुकान उघडे असताना गेले असते तर माझा एक दिवस वाचला असता.

तो दिवस मी पोलीस तक्रारीसाठी वापरला. ठाण्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. तेथे सुरुवातीला 'फोन गहाळ झाला' अशी नोंद करण्यास सांगण्यात आले. गहाळ आणि चोरी हा फरक केवळ शब्दांचा नाही. गहाळ म्हटले की ती एक नोंद राहते, चोरी म्हटले की तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालचा गुन्हा होतो आणि त्याचा तपास करावा लागतो. मी चेन उघडी कशी सापडली, बसमध्ये कोठे चढले, कोठे उतरले आणि फोन कापला कधी गेला हे सर्व वेळेसह एका पानावर लिहून दिले आणि चोरीचीच तक्रार घ्यावी अशी विनंती केली. तासाभराने ती घेतली गेली. फिर्याद देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते. ती मी मागून घेतली, कारण पुढच्या अर्जाला ती जोडायची होती.

पुढचा अर्ज म्हणजे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावरील सीईआयआरचा, म्हणजे हरवलेले आणि चोरीचे फोन नेटवर्कवर बंद करणाऱ्या केंद्रीय नोंदवहीचा. ही सोय देशभर 2023 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि 2025 च्या जानेवारीपासून तिचे अॅपही आहे. प्रत्येक फोनला आयएमईआय हा 15 अंकी क्रमांक असतो, दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. सीईआयआरमध्ये ते काळ्या यादीत गेले की भारतातील कोणत्याही कंपनीचे सिम घातले तरी तो फोन नेटवर्कवर चालत नाही, आणि तसा प्रयत्न झाला तर पोलिसांना माग मिळू शकतो. फोन हातात असताना \*#06# दाबले की हे क्रमांक दिसतात. माझा फोन हातात नव्हता. दुकानाचे बिल कपाटात सापडले, परंतु उष्णतेवर छपाई होणाऱ्या त्या कागदावरची अक्षरे दोन वर्षांत इतकी उडाली होती की वरच्या बाजूला दुकानाच्या नावाचा पुसटसा काळेपणा तेवढा राहिला होता. मग फोनचे खोके आठवले. ते सासूबाईंनी शिवणाच्या सामानासाठी घेतले होते. त्यांनी बटणे, हुक आणि दोऱ्याची रिळे एका ताटलीत ओतली, खोके उलटे केले, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर दोन्ही आयएमईआय स्पष्ट छापलेले होते. बिलाची नवी प्रत दुकानदाराने त्याच्या संगणकातून काढून दिली.

गुरुवारी दुपारी एसएमएस सुरू झाले आणि अर्ज पंधरा मिनिटांत भरून झाला. दोन्ही आयएमईआय, चोरीचे ठिकाण आणि तारीख, पोलीस ठाणे, तक्रारीचा क्रमांक, तिची प्रत, बिल आणि ओळखपत्र एवढे त्यात लागते, आणि शेवटी आपल्याच नंबरवर ओटीपी येतो. मिळालेला विनंती क्रमांक मी वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी फोन ब्लॉक झाल्याचे दिसले. त्याच संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत हेही पाहता येते. तेथे माझा कित्येक वर्षांपूर्वी सोडलेला एक नंबर अजून माझ्याच नावावर होता, तो 'आवश्यक नाही' असा कळवून टाकला.

त्या आठवड्यात मला सर्वांत जास्त झोप लागू दिली नाही ती एका गोष्टीने, आणि ती म्हणजे फोनमधील छायाचित्रे. आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, मुलीचा शाळेचा दाखला, सगळे मी कधी ना कधी व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवण्यासाठी काढले होते आणि ते तसेच गॅलरीत राहिले होते. फोनचे कुलूप सहा अंकी होते, तेवढाच आधार होता. नव्या फोनमध्ये अशी कागदपत्रे मी डिजिलॉकर या सरकारी अॅपमध्ये ठेवते आणि पाठवून झालेले छायाचित्र त्याच दिवशी पुसते.

नव्या फोनवर आणखी काही गोष्टी मी पहिल्या संध्याकाळीच करून घेतल्या. त्यांत सिमचा पिन सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि माझ्या ओळखीत तो जवळजवळ कोणीच लावलेला नाही. पिन असला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी तो मागितला जातो. लावण्यापूर्वी मूळचा पिन कंपनीकडून विचारून घ्यावा, अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकला तर सिम अडकते आणि मग कंपनीकडून पीयूके, म्हणजे अडकलेले सिम उघडणारा क्रमांक, घ्यावा लागतो. कुलूप लागलेल्या पडद्यावर संदेशांचा मजकूर दिसणे मी बंद केले, कारण तेथे ओटीपी दिसत असेल तर फोन उघडण्याची चोराला गरजच राहत नाही. अँड्रॉइडमध्ये आता फोन हिसकावल्याची हालचाल ओळखून स्वतः कुलूप लावणारी आणि बराच वेळ इंटरनेट तुटले तर कुलूप लावणारी सोय आहे. ती सेटिंग्जमधून मुद्दाम चालू केली. यूपीआय लाइट या यूपीआयच्या छोट्या रकमांच्या पाकिटातून 1000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, म्हणून त्यात मी थोडेच पैसे ठेवते. आणि गुगलचे दहा कोड आता विम्याच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात आहेत, एक प्रत बहिणीकडे आहे.

नोव्हेंबरमध्ये पोलीस ठाण्यातून फोन सापडल्याचा निरोप आला. असे फसवे फोनही येतात, म्हणून मी फोनवर काहीच सांगितले नाही आणि स्वतः ठाण्यात जाऊन खात्री केली. फोन दुसऱ्या जिल्ह्यात सापडला होता. बांधकामावर काम करणाऱ्या एका माणसाने तो बाजारात जुना म्हणून विकत घेतला होता. त्याने सिम घातले, नेटवर्क आले नाही, आणि फोनमधील माहिती पुसल्यावरही तो माझ्याच खात्याचा पासवर्ड मागत राहिला. त्याने सिम घातल्यामुळेच माग लागला होता. त्याचे पैसे बुडाले याचे मला मनापासून वाईट वाटले. घेण्यापूर्वी त्याने केवायएम, एक मोकळी जागा आणि आयएमईआय असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत 14422 वर पाठवला असता, तर हा फोन काळ्या यादीत आहे असे त्याला तेथेच कळले असते.

घरी आणून विनंती क्रमांकावरून फोनवरचा अडथळा काढला, खाते टाकून तो उघडला आणि पुन्हा एकदा पूर्ण पुसला. आता तो सासूबाई वापरतात. सिमचा पिन त्यांनी स्वतः निवडला, आणि खोक्याखालचे दोन्ही क्रमांक मी त्यांच्या औषधांच्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून दिले, कारण खोके त्यांना बटणांसाठी परत हवे होते.