शिशाऐवजी बिस्मथ आणि कथील : घरी जिग ओतण्याचा माझा अनुभव

अलिबागजवळच्या खाडीत जिताडा हा मासा धरण्यासाठी लागणारे जिग, म्हणजे गळाला लावायची धातूची जड आमिषे, मी कित्येक वर्षे घरीच, शिशाचे ओतत आलो. जुन्या जाळ्यांची शिशाची वजने वडिलांच्या पळीत वितळवायची, साच्यात ओतायची आणि गार झाल्यावर कानशीने कडा घासायच्या, एवढेच ते काम होते. मुलगी रांगायला लागली आणि ज्या फरशीवर बसून मी कानस चालवत असे, त्याच फरशीवर टेकलेला तळवा तिने एके दिवशी तोंडात घातला, तेव्हा मी हे काम थांबवले. लहान मुलांच्या रक्तात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. शिवाय खडकात अडकून तुटलेला प्रत्येक जिग खाडीतच राहतो. ब्रिटनमध्ये तर हंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे गळाच्या लहान शिसे-वजनांवर १९८७ पासूनच बंदी आहे.

दुसरा धातू कोणता घ्यावा, यावर बराच विचार केला. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम आहे. टंगस्टनची १९.३ असली तरी तो ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे घरच्या शेगडीवर त्याचा विचारच करायला नको. बिस्मथची घनता ९.७८ असून तो सुमारे २७१ अंशांना वितळतो. कथील आणखी सोपे, २३२ अंशांना वितळणारे. पण त्याची घनता जेमतेम ७.३. माझ्या वीस ग्रॅमच्या साच्यात ओतलेला कथिलाचा जिग तेरा ग्रॅमच्या आत भरला आणि ओहोटीच्या धारेत तळाला पोहोचण्याआधीच वाहून जाऊ लागला.

म्हणून मी शुद्ध बिस्मथ मागवून ओतला. तिथे पहिली मोठी चूक झाली. बहुतेक धातू गोठताना आक्रसतात, बिस्मथ मात्र सुमारे तीन टक्के फुगतो. जिग साच्यात इतका घट्ट बसला की प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा फोडूनच तो काढावा लागला आणि काढताना शेपटाकडून कट्‌कन तुटला. तुटलेल्या जागी गुलाबीसर झाक असलेले चकचकीत पैलू दिसत होते. रूप सुंदर होते, पण खडकावर आपटणाऱ्या वस्तूला हा ठिसूळपणा चालणार नव्हता.

अखेर जमले ते दोन्ही धातूंच्या मिश्रणात. वजनाने ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील घेतले की मिश्रण अवघ्या १३८ अंशांच्या आसपास वितळते आणि त्याची घनता ८.६ च्या जवळ येते. कथील मी कल्हईचे सामान मिळते तिथून आणले. त्यात कधी कधी शिशाची भेसळ असते, म्हणून कांडी कानाजवळ धरून वाकवून पाहिली. शुद्ध कथील वाकताना करकर असा स्पष्ट आवाज करते. आधी कथील वितळवले आणि मग त्यात बिस्मथचे तुकडे सोडले, तेव्हा खडीसाखर दुधात विरावी तसे ते विरून गेले. वडिलांची पळी मात्र वापरली नाही. तिच्या तळाशी शिशाचा थर होता आणि या तिन्ही धातूंचे एक मिश्रण ९६ अंशांनाच, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळते. नवी पोलादी पळी आणि नवे भांडे घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

तेवढेच वजन हवे म्हणून नवा साचा केला. त्याची लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी साधारण एक दशांशाने वाढवली, की आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि वजन पुन्हा वीस ग्रॅमवर येते. साचा आठवडाभर उन्हात आणि नंतर मंद आचेवर वाळवला, कारण ओलसर प्लास्टरमध्ये तापलेला धातू पडला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो तोंडावर उडतो. चष्मा, जाड हातमोजे आणि उघडी खिडकी यांत मी कधीच सूट घेत नाही. ओतण्याआधी दोन्ही टोकांना कडी असलेली स्टेनलेस स्टीलची तार साच्यात बसवली.

दुसरी चूक रंगवताना झाली. शिशाच्या जिगवर पावडर रंग चढवून मी ते ओव्हनमध्ये १८० अंशांवर भाजत असे. सवयीने तेच केले आणि दहा मिनिटांनी दार उघडले, तर सहाही जिग वितळून तारांखाली तळाशी साचले होते. आता मी ब्रशने रंग देतो आणि वरून एपॉक्सीचा पातळ थर लावून रात्रभर सुकू देतो.

खाडीच्या तोंडाशी शिशाचा जिग सहा आकडे मोजेपर्यंत तळाला टेकत असे, हा मोठा असल्याने आठ लागतात. उतरताना तो जास्त डुलतो, आणि मला या हंगामातला पहिला जिताडा त्या उतरणीतच लागला. त्याच जिगचे टोक पुढच्या फेकीत खडकावर लागून टवका उडाला. घरी आणून तार सोडवली, रंग खरवडला आणि उरलेला धातू पुन्हा पळीत टाकला.