भिजलेलं बोट

जुलैतला सोमवार. कांजूरमार्गला उतरले तर रिक्षा नाही. पवईच्या प्रयोगशाळेत पोचले तेव्हा ओढणीतून पाणी निथळत होतं. पोट रिकामं, कारण सुई न टोचता रक्तातली साखर मोजायच्या आमच्या चाचणीसाठी त्या दिवशी बोट माझंच होतं.

बोटावर काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झोत सोडायचा, तोही ग्लुकोज शोषून घेईल अशा तरंगलांबीचा. प्रकाश शोषला की ती जागा किंचित तापते, फुगते आणि अल्ट्रासाउंडची लहर उठते. ती ऐकायची. प्रकाशातून असा आवाज निघतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८० सालीच दाखवलं होतं. कातडीखाली प्रकाश लगेच विखुरतो, आवाज त्या मानाने फारच कमी. म्हणून हा द्राविडी प्राणायाम. मला तो आजही विलक्षण वाटतो.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतलं. दर पंधरा मिनिटांनी सिग्नल, आणि ताडून बघायला ग्लुकोमीटर. ९१, ११८, १४६. पडद्यावरची रेघही साखरेबरोबर चढत होती! न राहवून डोंबिवलीला आईला फोन लावला. चौदा वर्षं ती बोटं टोचून घेतेय, टोकं पार निबर झालीत. "खरंच सुई सुटेल का गं?" एवढंच तिने विचारलं.

दोन तासांनी मीटर ११२ वर उतरला. रेघ मात्र उतरेना.

मग बोटाखालच्या थर्मिस्टरची, म्हणजे तापमान टिपणाऱ्या सेन्सरची, नोंद उघडली. सकाळी २७ अंश, आता ३२. पावसात गारठलेलं बोट हळूहळू ऊबेला आलं होतं, बस. बोटात बरंचसं पाणीच, आणि पाण्यातला हा सिग्नल तिशीच्या आसपास दर अंशाला साधारण ३ टक्के वाढतो. आणि मीटरवर साखर १०० ने वाढली म्हणजे लिटरमागे फक्त एक ग्रॅम, तिचा सिग्नल त्यापुढे कुठला ऐकू येणार! मी दोन तास साखर नव्हे, बोटाची ऊब ऐकत होते.

न टोचता साखर सांगणारी घड्याळं वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तो का द्यावा लागतो, हे त्या दिवशी पुरतं कळलं. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

दुसऱ्या दिवशी बोटाची बैठक ३४ अंशांवर स्थिर ठेवली, बोट अर्धा तास तिथेच ऊबेला ठेवलं आणि नुसतं साधं पाणी प्यायले. रेघ दोन तास सपाट राहिली. घरी जाऊन आईला म्हटलं, "अजून टोचावं लागेल." तिने मान हलवली आणि पट्ट्यांची डबी पुढे ओढली.