व्हॉल्व्ह गोठला म्हणे

"गोठना? या उनमा?"

अप्पांचा विश्वासच बसेना. १७ एप्रिल २०२३, संध्याकाळचे साडेसहा, ओटा अजून चटके देतोय. मोबाइल तांब्याला टेकवून मी अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावरचं स्टारशिप, म्हणजे स्पेसएक्स कंपनीचं महाकाय रॉकेट, बघत होतो. सुमारे १२० मीटर उंच, खाली ३३ इंजिनं, पहिलंच पूर्ण उड्डाण. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आणि ऐनवेळी रद्द! टाकीला दाब देणारा व्हॉल्व्ह गोठला.

तिथं उणे १८० अंशांहून थंड द्रव ऑक्सिजन भरतात, मी समजावलं.

अप्पा केळीच्या ठिबकचा व्हॉल्व्ह खोलून बसलेले. मांडीवर फडकं, त्यावर रबरी वायसर, कडेला क्षाराचा पांढरा थर. तो नखानं खरवडत म्हणाले, "मंग आते?"

"आज नुसती इंधन भरायची तालीम. उड्डाण पुन्हा कधीतरी."

"बरोबर शे. व्हॉल्व्हले घाई चालस नही."

मी वैतागलेलो, ते निवांत. पंपाची लाईट रात्री बाराला येणार की दोनला, याची वाट बघण्यात त्यांची निम्मी हयात गेली. मला एक संध्याकाळ जड झाली.

वायसर बसवून उठताना म्हणाले, "उडी तवय माले हाक मार."

तुमच्याकडे कोण कोण बघत होतं?