टिकटिक येत होती, हॉर्न येत नव्हता

“रिलेचा आवाज येतोय ना मॅडम, म्हणजे रिले ओके आहे.” सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकलेलं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. (रिले म्हणजे बटण दाबल्यावर हॉर्नला करंट जोडणारा विजेवर चालणारा छोटा स्विच.) याच्या जोरावर त्यांनी मला 7,800 रुपयांचं एस्टिमेट दिलं होतं. आणि हेच वाक्य चुकीचं होतं.

जुलैमध्ये आईला माणगावला सोडायला ताम्हिणी घाटातून निघाले होते. मुळशीच्या पुढे धुकं इतकं दाट की समोरची गाडी अंगावर येईपर्यंत दिसत नव्हती. एका वळणावर हॉर्न दाबला, वाजला नाही. पुन्हा दाबला, नाही. तिसऱ्यांदा घसा बसल्यासारखा जेमतेम आवाज आला. आई काही बोलली नाही, पण तिने दरवाज्यावरची मूठ घट्ट धरली होती. डिपर देत, गाडी अगदी हळू हाकत खाली उतरले. हॉर्न नसलेली गाडी घाटात चालवणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

फ्यूज घरीच पाहिला, 15 अँपिअरचा, शाबूत होता. मग सर्व्हिस सेंटर. गाडी दोन दिवस त्यांच्याकडे. निदान असं की स्टिअरिंगखालची स्पायरल केबल तुटली आहे. हॉर्नचं बटण चाकाबरोबर फिरतं, गाडीचं वायरिंग फिरत नाही. या दोघांना जोडणारी गुंडाळलेली पट्टी म्हणजे ही केबल. एअरबॅगची वायरही तिच्यातूनच जाते, म्हणून ती महाग. ती खरोखर तुटतेही, त्यामुळे मी विश्वास ठेवला आणि 2,000 रुपये ॲडव्हान्स भरला. पार्ट आठवड्यात येणार होता. आठवड्याचे तीन आठवडे झाले. दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी “गुरुवारपर्यंत नक्की” हे उत्तर.

त्या तीन आठवड्यांत मी रिलेच्या पाठीवरचं चित्र नीट पाहिलं. चार पाय असतात. 85 आणि 86 मध्ये तारेची कॉइल. 30 मध्ये बॅटरीचा करंट येतो, 87 मधून हॉर्नला जातो. माझ्या गाडीत, आणि बहुतेक गाड्यांत, बटण दाबलं की कॉइलला अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) मिळतो. ती चुंबक होते, आतली पत्ती ओढते आणि 30 व 87 जुळतात. टिक हा त्या पत्तीचा आवाज. आता बटणाची वायर स्पायरल केबलमधूनच येते! केबल तुटली असती तर कॉइलला अर्थ मिळालाच नसता, टिक झालीच नसती. म्हणजे ज्या आवाजावरून त्यांनी रिलेला निर्दोष ठरवलं, तो आवाज खरं तर केबल ठीक असल्याची साक्ष देत होता. शिवाय एअरबॅगचा दिवाही कधी लागला नव्हता. मी फोनवर हे सांगितलं. उत्तर मिळालं, “आमच्या टेक्निशियनने चेक केलंय मॅडम.”

मग मीच भावाचा मल्टिमीटर घेऊन बसले. हॉर्नचा कनेक्टर काढला, मीटर लावला, भावाला आत बसवून बटण दाबायला लावलं. 12.4 व्होल्ट. म्हणजे करंट येतोय, हॉर्नच गेला असणार. हॉर्न सोडवून दोन वायरींनी थेट बॅटरीला लावला तर असा कडाडून वाजला की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. हॉर्न चांगला, करंट येतोय, आणि दोन्ही जोडले की नुसती टिक. दोन संध्याकाळी मी याच जागी अडकून बसले. कनेक्टर घासले, हॉर्नची अर्थची वायर काढून पुन्हा कसली. काही फरक नाही.

शेवटी वाटलं, नवा हॉर्नच घ्यावा. रविवार नको म्हणून शनिवारी पुण्याच्या नाना पेठेत गेले. एका दुकानाबाहेर वायरिंगचं काम करणारे एक चाचा बसतात. त्यांनी मला नवा हॉर्न घेऊच दिला नाही. एकच प्रश्न विचारला: “मीटर लावला तेव्हा हॉर्न जोडलेला होता का काढलेला?”

काढलेला होता. सगळी गोम तिथेच होती. मीटर नावापुरताच करंट घेतो, हॉर्न पाच-एक अँपिअर मागतो. रिलेचे आतले पॉइंट (30 आणि 87 जिथे जुळतात ती टोकं) जळून काळे पडले असतील, तर मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि हॉर्नने करंट मागितला की ते तिथेच अडतं. चाचांनी हॉर्नच्या जागी 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला. बटण दाबल्यावर तो निखाऱ्यासारखा लालसर मिणमिणला. मग हॉर्न जोडून रिले सॉकेटमधून थोडा वर उचलला आणि 30 व 87 च्या पायांवर मीटरच्या सुया टेकवल्या. मी बटण दाबलं. तब्बल 8 व्होल्ट रिलेच्या आतच गायब होत होते. चांगल्या रिलेत इथे 0.2 व्होल्टच्या आतच आकडा दिसायला हवा. “कॉइल चांगली आहे, पॉइंट खाल्लेत,” चाचा म्हणाले. तीन आठवड्यांचं कोडं त्या पाच शब्दांत सुटलं. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

नवा रिले 180 रुपयांना मिळाला. बसवला, मीटरवर 0.1, आणि हॉर्न पहिल्या दाबाला. त्याआधी त्यांनी फॉग लॅम्पचा त्याच नंबरचा रिले काढून हॉर्नच्या जागी लावून दाखवला होता. ही अदलाबदल खरं तर सगळ्यात आधी करायची. एका मिनिटाचं काम आहे, हत्यार लागत नाही, आणि सर्व्हिस सेंटरने दोन दिवसांत ते केलं नाही याचा मला आजही राग येतो. फक्त दोन्ही रिलेंवरचा नंबर आणि पायांचं चित्र जुळलं पाहिजे. काही रिलेंमध्ये 30 आणि 86 च्या जागा उलट असतात, काहींच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. नुसता आकार पाहून घेऊ नका.

जुना रिले घरी उघडला. पत्तीच्या टोकाला काळा खड्डा पडला होता. हॉर्नच्या आत स्वतःचे पॉइंट असतात आणि ते वाजताना सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. त्यात वर्षानुवर्षं दर दाबाला रिलेत ठिणगी पडते. पॉलिश पेपरने घासून तो पुन्हा चालला, पण वरचा लेप गेलेला पॉइंट लवकरच जळतो. वाटेत अडकलात तर घासा, एरवी बदला. आणि स्टिअरिंग स्वतः उघडू नका, तिथे एअरबॅग आहे.

ॲडव्हान्स परत मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. जॉब कार्डवर “ग्राहकाने दुरुस्ती नाकारली” असं छापून आलं होतं. मी जळका रिले काउंटरवर ठेवला आणि कार्डवरच्या त्या ओळीखाली “रिले सदोष, स्पायरल केबल ठीक” असं पेनाने लिहून घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. सही करायला त्यांना चाळीस मिनिटं लागली.