तीन कोड, एक वायर

"ईसीएम गेलाय म्हणाले ओ मिस्त्री. चाळीस हजार सांगितले. एवढ्यात तर अर्धं इंजिन होईल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मोहोळकडचे मामा बोनेटवर हात ठेवून उभे होते. मागे हौद्यात कांद्याची पोती, सकाळी मार्केट यार्डात लिलाव. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या आमच्या गॅरेजात हंगामात अशा भरल्या गाड्या येतातच.

गाडी जुनी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारी) डिझेल पिकअप, मामांनी सेकंडहँड घेतलेली, एमएच-२५ म्हणजे धाराशिव पासिंगची. चालता चालता झटका देते, चेक लाइट लागते, बंद पडते. जरा थांबून चावी मारली की परत चालू. "आणि खड्ड्यात जास्त," मामा जाता जाता बोलून गेले. माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. आधीच्या ठिकाणी डिझेल फिल्टर आणि त्या नळीतला दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर बदलून झालेला. तरी गाडी तशीच, म्हणून गाडं ईसीएमवर आलेलं.

मामांच्या पोराने ऑनलाइन मागवलेला, मोबाइलवर बिघाडाचे कोड दाखवणारा ब्लूटूथचा डबा जोडून पाहिला होता, तो कनेक्टच होईना. पोराची त्यात काही चूक नाही. १ एप्रिल २०१० ला ज्या १३ शहरांत बीएस-४ (धुराचा नियम) लागू झालं त्यात सोलापूर होतं, पण ही गाडी बाहेरची, बीएस-३. अशा गाडीचा ईसीएम बऱ्याचदा स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या ७ नंबरच्या पिनवरून, के-लाइन या जुन्या पद्धतीच्या वायरवर बोलतो. तिथे स्वस्तातला डबा अडकतो. गाडीच्या मॉडेलचा मेनू असलेला स्कॅनर लागतो.

मी स्कॅनरच्या आधी मीटर काढतो. बॅटरी १२.५ व्होल्ट, स्टार्टर मारताना १०.४. ठीक. बॅटरी पडलेली असली की ईसीएम वाट्टेल ते कोड टाकतो, मग दिवस वाया.

स्कॅनरवर तीन कोड आले. पी०१९२, रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी. पी०२३७, टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरचा सिग्नल कमी. तिसरा पी०६४१, सेन्सरना जाणाऱ्या ५ व्होल्टच्या सप्लायचा. आधीच्या माणसाने पहिला कोड वाचून सेन्सर आणला आणि तिसरा वाचून ईसीएम ठरवला असणार. पण दोन सेन्सर एकाच वेळी मरत नाहीत. ईसीएममधून निघणारे ५ व्होल्ट या दोघांना एकाच लाइनवरून जातात. गल्लीतली पाइपलाइन वाटेत फुटली की सगळ्याच घरांचे नळ कोरडे, तसं. ती वायर बॉडीला टेकली तर सप्लाय बसतो, आणि ईसीएम चांगला असूनही मेल्यासारखा दिसतो.

चावी ऑन, इंजिन बंद. रेल सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून मीटर लावला: ४.९८. आमचा पोरगा म्हणाला, "बरोबर तर आहे की!" मी त्याला मीटरवर नजर ठेवायला सांगितलं आणि वायरिंगचं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) पुढे हाताने हलवत आलो. अल्टरनेटरपर्यंत काही नाही. इनटेकच्या ब्रॅकेटजवळ जरा दाबलं आणि पोरगा ओरडला, "गेला! ०.०६!" सोडलं की परत ४.९८. बूस्ट सेन्सरचाही कपलर काढला, तरी तेच. म्हणजे दोष सेन्सरचा नाही, वायरचाच.

लूमची मूळ क्लिप तुटलेली. कुणीतरी ते केबल टायने थेट ब्रॅकेटला आवळलेलं. टेप उष्णतेने वाळून तडकलेला, आणि ब्रॅकेटची धार जिथे लागत होती तिथे एका वायरचं दोन-तीन मिलिमीटर तांबं उघडं पडलेलं. खड्ड्यात इंजिन हललं की ते लोखंडाला टेकायचं. रेल प्रेशर कळेनासं झालं की ईसीएम डिझेल तोडणारच.

वायर सोल्डर केली, श्रिंक स्लीव चढवली, लूमला पन्हाळीची नळी घालून नव्या क्लिपने धारेपासून लांब बांधलं. कोड पुसले. (जुनी गाडी विकतानाही लोक नेमके कोड पुसूनच दाखवतात. घेणाऱ्याने वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून मगच स्कॅन करावं.) पोती तशीच ठेवून होटगी रोडला फेरी मारली, खड्डे मुद्दाम शोधून. लाइव्ह डेटात मागितलेलं आणि मिळणारं रेल प्रेशर शेवटपर्यंत जोडीने चाललं, लाइट लागली नाही.

मजुरी ऐकून मामांनी दोनदा विचारलं, "एवढेच?" आधी बदललेला जुना सेन्सर सीटखाली पिशवीत होता. लावून पाहिला, ठणठणीत. म्हटलं, राहू द्या गाडीतच, स्टेपनी म्हणून.