सहा आठवडे आणि एक फिल्ड वायर

ऑल्टरनेटरमध्ये, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्रात, काही बदल करून घ्यायचा असेल तर गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी बोलून परत येऊ नका. आत बाकावर बसून जो प्रत्यक्ष हात घालणार आहे त्याला भेटा, वायर कुठून कुठे जायची ते त्याला दाखवा. मी हे केलं नाही आणि नागपंचमी ते अनंत चतुर्दशी असे माझे सहा आठवडे गेले.

आम्हा तिघा मित्रांची चोवीस फुटी, शिडाची जुनी बोट गोव्यात मांडवी नदीत असते. आम्ही तिघंही बेळगावचे. शनिवारी पहाटे चोर्ला घाटानं खाली उतरायचं, रविवारी रात्री परत. इंजिन यानमारचं, एका सिलिंडरचं, नऊ हॉर्सपॉवरचं, त्याच्यावर मूळचा ३५ अँपिअरचा ऑल्टरनेटर. बोटीवरच्या वापराला १०० अँपिअर-अवरच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, स्टार्टरला एक वेगळी. शिडाच्या बोटीवर इंजिन फक्त निघताना आणि परतताना चालतं, अर्धा-पाऊण तास. बॅटरीत जे काय भरायचं ते तेवढ्यातच. वायरलेस, छोटा फ्रीज आणि रात्रभर नांगराचा दिवा मात्र ओढतच असतात. गेल्या मे महिन्यात आम्ही नांगरावर झोपलेलो असताना रात्री दोनच्या सुमाराला तो दिवा मिणमिणून विझला आणि मासेमारीचा एक ट्रॉलर अगदी जवळून गेला. त्याच रात्री ठरवलं, चार्जिंग नीट करायचंच.

मला आधी वाटलं, मोठा ऑल्टरनेटर बसवला की झालं. मीटर लावल्यावर कळलं की रोग दुसरीकडेच होता. ऑल्टरनेटरच्या टोकाला १४.२ व्होल्ट आणि बॅटरीच्या टोकाला जेमतेम १२.९. मध्ये बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा डायोडचा आयसोलेटर होता, तो ०.७ व्होल्ट खात होता. उरलेले खात होती सहा चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन दहा मीटरची वायर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरायला १४.४ व्होल्ट तिच्या स्वतःच्या टोकाला मिळायला हवेत. म्हणून ठरवलं ते असं: ७० अँपिअरचा गाडीचा ऑल्टरनेटर, चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारा, बाहेरून तीन टप्प्यांत चालणारा रेग्युलेटर, व्होल्टेज मोजणारी त्याची सेन्स वायर थेट बॅटरीवर, डायोडच्या जागी व्होल्टेज पाहून बॅटऱ्या जोडणारा रिले, आणि २५ चौरस मिलिमीटरची कथील चढवलेली तांब्याची वायर. ७० पेक्षा मोठा घेऊ नका. अशी बॅटरी तिच्या क्षमतेच्या पाव हिश्शाच्या वर करंट घेत नाही, म्हणजे आपल्या २०० ला ५० पुष्कळ झाले. शिवाय ७० अँपिअर पूर्ण काढले तर नऊतले दोन-अडीच हॉर्सपॉवर तोच खातो.

बाहेरचा रेग्युलेटर लावायचा तर ऑल्टरनेटरच्या पोटातला काढून फिल्डची, म्हणजे आतल्या फिरत्या गुंडाळीला करंट देणारी, वायर बाहेर आणावी लागते. हे काम शहरातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिलं. सोबत कागदावर आकृती काढून दिली होती. मालक म्हणाले, "होतंय की ओ, चार दिवसांनी या." चार दिवसांनी गेलो तर, "नाळे बर्री," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी वायंडिंगवाला गावाला गेलेला. मग लाइट नाही. मग बेअरिंग यायचंय. पावसात स्कूटर काढून मी सात वेळा गेलो. तिसऱ्या आठवड्यात ऑल्टरनेटर हातात आला तो चंदेरी रंग मारून, नवीन बेअरिंग घालून, आणि रेग्युलेटर जसाच्या तसा आत. परत दिला. चतुर्थीच्या दोन दिवस आधी मिळाला तेव्हा एक लाल वायर बाहेर लोंबत होती, म्हणून मी निश्चिंत झालो.

घरचा पाच दिवसांचा गणपती झाल्यावर घाट उतरून गेलो, सगळं जोडलं, इंजिन चालू केलं. अँपिअर मीटरचा काटा शून्यावर. तीन तास बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गुडघे टेकून एकेक जोड तपासला. काटा हलला नाही. रात्री परत.

हे रेग्युलेटर दोन जातींचे असतात. एक फिल्डला प्लस पुरवतो, तेव्हा दुसरा ब्रश (गुंडाळीला करंट पोचवणारा कार्बनचा तुकडा) बॉडीला अर्थ असावा लागतो. दुसरा अर्थ तोडतो-जोडतो, तेव्हा ब्रश प्लसला असावा लागतो. माझा पहिल्या जातीचा आणि दुकानानं ब्रश जोडला होता प्लसला. दोन्ही टोकांना प्लस, करंट जाणार कुठून? ऑल्टरनेटर ताब्यात घेतानाच मीटर ओहमवर ठेवून फिल्डची वायर आणि बॉडी यांच्यात बघा. पहिल्या जातीसाठी तीन-चार ओहम दिसले तर बरोबर. माझ्याकडे काहीच दाखवत नव्हता, आणि तीच वायर नि प्लसचा बोल्ट यांच्यात ३.६ ओहम.

अनंत चतुर्दशीनंतर दुकान उघडलं त्या सकाळी मी आत जाऊन बसलो. गल्ल्याच्या काचेखाली माझी आकृती तशीच चार घड्यांत होती, उघडलेलीसुद्धा नाही. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या मेस्त्रींना ती दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडाला धरला. "हे मला कुणी दिलंच नाही की." जोड कापला, ब्रशला लग (वायरच्या टोकाची कडी) लावून बॉडीला कसला. वीस मिनिटं.

याच्या उलट उद्यमबागमध्ये लेथवर पुली करून घेतली ती एका दुपारीत. जुनी पुली आणि बेल्ट सोबत नेला होता. त्यांनी खाच बेल्टला बसवून बघितली, तळ टेकत नाही याची खात्री केली, मगच बोअर काढलं. बेळगावच्या लेथवाल्यांचा मला अभिमान आहे.

बसवताना दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत ना ते सरळ पट्टी लावून बघा. इंजिनाभोवती काळी भुकटी दिसली तर बेल्ट घासतोय. बॅटरीजवळ प्लसच्या वायरवर फ्यूज हवाच. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच चुकूनही बंद करू नका, ऑल्टरनेटरचे डायोड तिथेच जातात.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी धक्क्यावरून निघालो. काटा ४६ वर गेला, बॅटरीच्या टोकाला थोड्या वेळानं १४.४. रात्री आग्वादच्या आडोशाला नांगर टाकला. मी दोनला मुद्दाम उठून वर गेलो. दिवा पांढराशुभ्र जळत होता, मीटरवर १२.६.