फाईलमधून 'वास' काढला, तेव्हा काम झालं

पहाटे साडेपाचला फोन वाजला की नाव न बघता कळायचं, प्लांटच्या मागच्या सोसायटीतल्या काकू. "मॅडम, आज पुन्हा सुरू झालंय. खिडक्या लावून बसलोय, दूध तापवतानासुद्धा मळमळतंय हो." मी अंथरुणातूनच "बघते काकू" म्हणायचे. बघायला हातात काही नसायचं, हा भाग वेगळा.

मी महापालिकेत उपअभियंता. शंभर एमएलडीहून मोठ्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रावर, म्हणजे दिवसाला दहा कोटी लिटरच्या वर, साडेचार वर्षं काढली. प्लांट आधीचा, इमारती नंतरच्या. आमच्या पाण्याच्या टाक्या आणि हिरवळ दाखवूनच ते फ्लॅट विकले गेले असं ऐकून आहे. पण हे वाक्य तक्रारदारापुढे कधीही उच्चारू नका. मी एकदा उच्चारलं आणि पुढचे सहा महिने भोगलं.

वास नेमका कुठून येतो हे शोधायलाच मला दीड महिना लागला, कारण सगळे बोट दाखवायचे ते मोठ्या उघड्या टाक्यांकडे. त्या बिचाऱ्यांत हवा खेळती असते, तिथे फारसा वास नसतोच. घाण येते ती पाणी जिथे कोंडतं आणि नंतर जिथे आपटतं तिथून. आमच्याकडे मैलापाणी लांबच्या पंपिंग स्टेशनवरून बंद पाइपातून येतं. रात्री वापर कमी, पाणी पाइपात पडून राहतं, ऑक्सिजन संपतो, आणि मग सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तोच कुजक्या अंड्याचा वास. पहाटे पंप सुरू झाले की ते शिळं पाणी आमच्या इनलेटच्या चेंबरमध्ये धबाधबा पडतं आणि सगळा वायू बाहेर. वर पहाटेची थंड, स्थिर हवा. वास उडून जात नाही, जमिनीलगत सरकत थेट काकूंच्या स्वयंपाकघरात.

फुकटात झालेली कामं पटकन सांगते, कारण त्यांत कुणी अडवलं नाही. पंपिंग स्टेशनवाल्यांना सांगून रात्री विहिरीत पाणी साठू न देता थोडा थोडा वेळ पंप चालवायला लावले. जाळीवरचा कचरा दिवसातून एकदाऐवजी दर पाळीला उचलायला लावला. प्राथमिक टाकीतला गाळ जास्त वेळा काढायला सुरुवात केली. आणि सगळ्यांत जास्त फरक पडला तो एका पाइपाने. गाळातलं पाणी वेगळं करणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्रातून निघणारं काळं पाणी पुरुषभर उंचीवरून चॅनेलमध्ये पडायचं. स्टोअरमधला पडून असलेला पाइप आणि एक एल्बो लावून त्याचं तोंड पाण्याखाली नेलं. काकूंचे फोन आठवड्याला चारावरून दोनावर आले.

मधल्या काळात वरून आदेश आला की सुगंधी द्रावण फवारा. त्या फाईलला चार दिवस लागले फक्त. आठवडाभर कुजक्या अंड्यांवर गुलाब शिंपडला. काकू म्हणाल्या, "मॅडम, आधीचाच बरा होता." १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी नासली तेव्हा लंडनच्या संसदेत पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगले होते. तेही चाललं नाही. मग त्यांनी शहराखालून मोठी गटारं बांधायचा निर्णय घेतला. आम्ही गुलाबाचे आणखी दोन कॅन मागवले.

खरा उपाय ठरलेला होता. इनलेट चेंबर आणि जाळीचा भाग एफआरपीच्या (फायबरच्या) झाकणांनी बंद करायचा, आतली हवा पंख्याने ओढायची आणि बायोफिल्टरमधून सोडायची. बायोफिल्टर हा शब्द ऐकून लोक दबतात. प्रत्यक्षात तो एक हौद. तळाला भोकांचे पाइप, वर मीटरभर थर नारळाच्या सोडणांचा आणि लाकडाच्या ढलप्यांचा. थर ओला ठेवायचा. त्यावर वाढलेले जंतू वायू खातात. हवेला आत साधारण अर्धा ते एक मिनिट मिळालं पाहिजे, एवढंच गणित. रसायनांनी हवा धुणारा स्क्रबर जागा कमी घेतो, पण कॉस्टिक आणि हायपोक्लोराइट कायमचं विकत घेत बसावं लागतं आणि ते हाताळणारी माणसं सांभाळावी लागतात. माझ्याकडे जागा होती, पैसे नव्हते. म्हणून सोडणं.

अंदाजपत्रक केलं, साहेबांची सही झाली, फाईल लेखा विभागात गेली. आणि तिथे एका टेबलावर ती बसली.

पहिल्यांदा परत आली तेव्हा शेरा होता : "सदर बाब डीएसआरमध्ये समाविष्ट नाही. दरपृथक्करण सादर करावे." रास्त आहे. डीएसआर म्हणजे सरकारी दरसूची, तिच्यात नारळाच्या सोडणांचा दर कुठून असणार? तीन कोटेशन घेतली, दरपृथक्करण, म्हणजे दर कसा निघाला त्याचा हिशोब, जोडलं. तीन आठवडे गेले.

दुसऱ्यांदा : "वासाची मर्यादा कोणत्या मानकात विहित केलेली आहे, ते नमूद करावे."

इथे मी खरोखर अडकले, कारण प्रश्न खवचट असला तरी चूक नव्हता. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची २०१७ ची अधिसूचना काढून पाहिली. सामू, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण किती ते सांगणारा आकडा), तरंगते घन पदार्थ, विष्ठेतले जंतू. वास नाही. हवेची २००९ ची राष्ट्रीय मानकं पाहिली. बारा घटक आहेत, त्यात अमोनियासुद्धा आहे. हायड्रोजन सल्फाइड नाही. शेवटी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००८ च्या दुर्गंधीविषयीच्या मार्गदर्शक सूचना सापडल्या. छापून, पिवळ्या हायलायटरने रंगवून जोडल्या. पुढच्या आठवड्यात स्वतः गेले. टेबलावरचे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, मार्गदर्शक म्हणजे मार्गदर्शक. बंधनकारक कुठंय?" आणि चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. त्यामुळे तर जास्त राग यायचा.

तिसऱ्यांदा तर कळस. मी बळकटी म्हणून कुंपणाजवळच्या गॅस मीटरचे आकडे जोडले होते. त्यावर शेरा : "वाचन शून्य असल्याचे दिसून येते. खर्चाचे प्रयोजन स्पष्ट करावे."

ही चूक माझी, आणि तुम्ही करू नये म्हणून सविस्तर सांगते. आमच्याकडचा मीटर चेंबरमध्ये उतरण्याआधी जीव वाचवायला वापरतात तो. दहा पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे दहा भाग झाले की, ओरडतो. एका पीपीएमच्या खाली त्याचा काटा शून्यच. माणसाचं नाक मात्र एका पीपीएमच्या शंभराव्या भागालाही वाकडं होतं. म्हणजे काकू खिडक्या लावून बसलेल्या आणि मीटर म्हणतोय सगळं आलबेल. मी तोच कागद स्वतःच्या सहीने फाईलला लावला होता! कुंपणाशी मोजायचं तर पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात, मोजणारं यंत्र भाड्याने आणा, नाहीतर मोजूच नका. चेंबरच्या आत मोजा, तिथे आकडे बोलतात. त्याऐवजी सोसायटीतल्या पाच-सहा घरांना एक वही द्या : तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला. दोन महिन्यांची अशी वही माझ्या फाईलमधला सगळ्यांत खरा कागद होता. लेखा विभागाने तिच्यावर "अवलोकन केले" एवढंच लिहिलं.

अकरा आठवडे झाले. घरी लेक दार उघडायच्या आधी आतून ओरडायची, "आई, आधी बाथरूम!" काकूंनी एकदा मला घरी बोलावून देवघर दाखवलं. चांदीचा बाळकृष्ण शिसपेन्सिलीसारखा करडा-काळा. "महिन्याला घासते हो, आठ दिवसांत परत असा." चांदी आणि हा वायू म्हणजे काळं सल्फाइड होणारच, मला त्यात नवल वाटलं नाही. पण परत येताना डोक्यात काहीतरी हललं. इनलेटच्या पॅनेल रूममध्ये आमचे वायरमन सारखे काँटॅक्टर (मोटारी चालू-बंद करणारे विजेचे स्विच) बदलत असायचे. चांदी काळी पडते तर तांबं काय करत असेल?

त्यांनी जुन्या काँटॅक्टरचं खोकंच समोर ठेवलं. तांब्याची पट्टी कोळशासारखी, नखाने खरवडली की काळा पापुद्रा निघत होता. सोबत गेल्या तीन वर्षांची कंट्रोल कार्डांची बिलं. मग चेंबरच्या स्लॅबखाली बॅटरी मारून बघितलं. ओलसर काँक्रीटवर हाच वायू जंतूंमुळे गंधकाम्ल होतो. स्लॅबची खालची बाजू ओल्या खडूसारखी बोटाला लागत होती आणि दोन ठिकाणी सळई दिसत होती.

फाईल मागे घेतली. विषय बदलला : "इनलेट कक्षातील संक्षारक वायूमुळे विद्युत पॅनेल व आरसीसी बांधकामाचे होणारे नुकसान रोखणे." काम तेच, दर तेच, सोडणं तीच. तेवीस पानांत 'वास' हा शब्द एकदाही नाही, शोधून शोधून काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती काळी पट्टी घेऊन त्याच टेबलाशी गेले. गृहस्थांनी ती उलटसुलट करून पाहिली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं. "हे एवढं नुकसान होतंय तर आधी का नाही लिहिलंत?"

मी काही बोलले नाही. नऊ दिवसांत मंजुरी आली.

निविदा, कार्यादेश, उभारणी यांत अडचणी आल्या, पण त्या नेहमीच्या. दोन गोष्टी मात्र सांगायच्या राहतात. बायोफिल्टर सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक पडत नाही. जंतू वाढायला वेळ लागतो. हे साहेबांना आधी लेखी सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी "पैसे पाण्यात गेले" सुरू होतं. माझ्याकडे झालंच. दुसरी जास्त गंभीर. झाकणं बसली की वास बाहेर येत नाही, पण वायू आत दाट होतो. शंभर पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. झाकण उघडून कुणी डोकावू नये, आत तर मुळीच उतरू नये. आणि जाळी साफ केल्यावर झाकण परत लावलं का हे दर पाळीला तपासा. एक झाकण उघडं राहिलं तरी पंखा तिथलीच बाहेरची हवा ओढत बसतो आणि बाकीच्या फटींतून वास मोकळा.

उन्हाळ्यात थराला पाणी कमी पडलं की सोडणं भेगाळतात, हवा भेगेतून निसटते. एप्रिलमध्ये एकदा असं झालं तेव्हा काकूंचा फोन आधी आला आणि ऑपरेटरचा नंतर.

त्यावरून आठवलं. वास गेला का हे तपासायला स्वतःचं नाक वापरू नका. साडेचार वर्षांत माझं कामातून गेलं होतं. मी दर सोमवारी चहावाल्या पोराला कुंपणापर्यंत चालवत न्यायचे. तो नाक मुरडत नसेल तेवढे दिवस चांगले.